कारणाचा रकाना

माझ्या दवाखान्यातल्या यंत्राचं कंपनीनं दिलेलं नाव चांगलं लांबलचक आहे, पण जयसिंगपुरात त्याला सगळे तलाठी म्हणतात. "डॉक्टर, आज तलाठी चालू हाय काय?" असं विचारत पेशंट आत येतात. नाव कुणी पाडलं ठाऊक नाही, पण चपखल पाडलं. तलाठ्याकडं जशी जमिनीची सगळी नोंद असते, तशी याच्याकडं दाताची.

यात जादू काही नाही. लहान मुलाचा दात घडत असताना रोज त्याच्यावर एक पातळ थर चढतो. वरचं कवच एकदा पुरं झालं की थांबतं, पण आतला भाग पुढं वर्षानुवर्षं भरत राहतो. शरीराला मोठा धक्का बसला तर त्या दिवसाचा थर नीट बसत नाही आणि तिथं एक गडद रेघ उरते. ताप असेल तर रेघ पसरट येते, चार-पाच दिवसांची. एकाएकी मार बसला, जीव घाबरा झाला, तर ती बारीक आणि काळी येते. पूर्वी हे बघायला दात काढून, कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागायचा. आता मूल दोन मिनिटं तोंड उघडून बसलं की पडद्यावर रेघा आणि त्यांच्या तारखा येतात. एखाद-दुसऱ्या दिवसाचा फरक पडतो, इतकंच.

रेघ का पडली आणि कुणामुळं पडली, हे मात्र यंत्र सांगत नाही. म्हणून २०३८च्या कायद्यानं ते काम आमच्यावर टाकलं. वर्षभरात तीन किंवा जास्त काळ्या रेघा दिसल्या, तर दंतवैद्यानं चोवीस तासांत एक तर 'कारण' या रकान्यात समाधानकारक कारण लिहायचं, नाही तर जिल्ह्याच्या बालसंरक्षण कक्षाला कळवायचं. कारण लिहिलं तर महिन्याभरानं फेरतपासणी.

हे सगळं मला पाठ आहे, कारण तालुक्यातल्या दंतवैद्यांना आणि शिक्षकांना ते शिकवायला मीच जाते. डॉ. त्रिशला मगदूम, प्रशिक्षक. चालताना पडलेल्या मुलाला गुडघ्याला, कपाळाला, हनुवटीला लागतं. कानामागं आणि गालाच्या आतून लागत नाही. वरच्या ओठाला हिरडीशी जोडणारा पडदा फाटलेला दिसला तर शंभरदा विचार करा. पडण्याची गोष्ट आई एक सांगते आणि मूल दुसरीच सांगतं का, ते ऐका. दोघं शब्दाला शब्द तीच सांगत असतील, तर जास्तच नीट ऐका. माझी ही भाषणं चांगली होतात. लोक टाळ्या वाजवतात.

तीन वर्षांत मी सात मुलांची नावं कळवली. त्यातल्या एकाचा बाप यंत्रमागावर कामाला होता. पोलिसांसोबत जाताना तो मला म्हणाला, "ताई, एकडाव घरला येऊन बोलला असता तर काय झालं असतं?" मी म्हणाले, नियम नियम असतो. खरं सांगते, तेव्हा माझा आवाज जरासुद्धा हलला नव्हता.

यंत्र नवीन आलं तेव्हा ते जुळवून घ्यायला मोठ्या माणसांचे दात लागत होते. पहिल्यांदा मी स्वतःच बसले. माझे दात कोरे निघाले. गोवराची एक पसरट रेघ सोडली तर काही नाही. मग श्रेणिकदादा बसला. श्रेणिकदादा माझा थोरला भाऊ, तीन वर्षांनी मोठा. बसस्टँडमागं त्याचं बियाणं-खतांचं दुकान आहे, आणि गावात त्याला ओळखत नाही असा माणूस विरळा.

त्याच्या दाढेत सातव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत सत्तावीस काळ्या रेघा होत्या.

"काय म्हणतोय तलाठी?" त्यानं विचारलं.

"दगडासारखे आहेत दात. ऊठ," मी म्हणाले, आणि ती फाईल पुसून टाकली.

आमचे बाबा मुख्याध्यापक होते. गावात त्यांना फार मान होता. घरात त्यांचा हात चालायचा, आणि तो दादावरच चालायचा. मी नऊ वर्षांची असताना बाबांचा चष्मा माझ्या पायाखाली फुटला. मी तोंड उघडायच्या आत दादा पुढं झाला आणि म्हणाला, "मी फोडला." असं एकदा नाही, कितीतरी वेळा झालं. माझे दात कोरे का राहिले, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. यावर आम्ही दोघं आयुष्यात एक शब्द बोललो नव्हतो.

दादाची मुलगी चार्वी आठ वर्षांची आहे. आमच्याकडच्या बऱ्याच मुलींसारखी ती "मी आलो, मी जेवलो" असंच बोलते. तिचे दात मी पहिल्या दातापासून बघत आले, पण तिचा केसपेपर कधी काढला नाही. आमच्या धंद्यात ही रीतच आहे. घरच्या माणसाचा केसपेपर काढायचा नाही, फी तर नाहीच नाही. रविवारी दवाखाना बंद झाल्यावर मागच्या दारानं यायचं, खुर्चीत बसायचं, "आ कर" म्हणायचं, झालं. आणि केसपेपर नाही तर यंत्रात नाव नाही. नाव नाही तर यंत्र सुरूच होत नाही. शाळेचं दंतपत्र दर वर्षी लागतं, त्यावर मी घरी बसून सही करायची. प्रेमानं करायची. शाळेतल्या सगळ्या मुलींमध्ये डॉक्टर आत्या असलेली ती एकटी, आणि दात न तपासलेलीही ती एकटी.

दोन वर्षांपूर्वी तिच्या वरच्या ओठाचा पडदा फाटला होता. दादा म्हणाला, झोपाळ्यावरून पडली. स्नेहलवहिनी म्हणाल्या, झोपाळ्यावरून पडली. चार्वी म्हणाली, "झोपाळ्यावरून पडलो." मी औषध लावलं आणि तिला आइस्क्रीम दिलं.

यंदाच्या अकरा फेब्रुवारीला मी सांगलीला भाषणाला गेले होते. दवाखान्यात प्राजक्ता होती, आठच दिवसांपूर्वी कामाला लागलेली पोरगी, हुशार आणि जरा जास्तच शिस्तीची. वहिनींनी दंतपत्र चार्वीच्या हाती देऊन तिला रिक्षानं पाठवलं होतं. प्राजक्ताला आमची रीत ठाऊक नव्हती. तिनं केसपेपर काढला, चार्वीला खुर्चीत बसवलं आणि यंत्र लावलं.

मी परत आले तेव्हा ती दारातच उभी होती. "मॅडम, यंत्रावर एक लाल इशारा आलाय," ती म्हणाली. "नऊ रेघा हायत. आणि मॅडम, आडनाव तुमचंच हाय."

मी तिला घरी पाठवलं आणि पडद्यासमोर बसले. नऊ रेघा, सगळ्या बारीक, सगळ्या काळ्या. यंत्राच्या लेखी त्या नुसत्या तारखा होत्या. पण मी त्या घरातलीच असल्यामुळं मला प्रत्येक दिवस वाचता येत होता. पहिली रेघ झोपाळ्याच्या दिवसाची. एक सहामाहीचा निकाल लागला त्याची. एक खतांच्या गोदामाची तपासणी होऊन दादाला नोटीस मिळाली त्या संध्याकाळची. एक बाबांच्या वर्षश्राद्धाची.

आणि एक भाऊबिजेची. त्या दिवशी मी तिथं होते. दादाला ओवाळलं, त्यानं मला साडी दिली. "चार्वी कुठाय?" म्हणून विचारलं तर दादा हसत म्हणाला, "रुसलीय वर जाऊन. नाटकी हाय एक नंबरची." मीही हसले. ताटात दोन करंज्या घेऊन वर गेले. ती कॉटवर बसली होती. तिनं करंजी घेतली आणि डाव्या बाजूनं खायला लागली, फक्त डाव्या. मी दाताची डॉक्टर. मूल एका बाजूनं चावतंय हे मला दिसलं, आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "दाढ दुखतेय वाटतं. ये रविवारी, बघू." रविवारी ती आली नाही आणि माझ्याही लक्षात राहिलं नाही.

मी उठून पडदा बंद केला.

चोवीस तास होते. त्यातला पहिला तास मी चार्वीचा विचार केला. पुढचे सगळे तास दादाचा. दादाला बेड्या घालून बसस्टँडवरून नेतील. दुकानाला कुलूप लागेल. ज्यानं माझ्या वाटचा मार खाल्ला, त्याला मीच आत पाठवायचं. मग मनात आलं, एकदा घरी जाऊन बोललं तर? आपण काय परके आहोत? दादा माझं ऐकतो. घरातलं घरात मिटत असेल तर कशाला...

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'वारंवार विषमज्वर. घरच्यांकडून खात्री केली.' विषमज्वराच्या रेघा पसरट असतात, हे यंत्राला कळतं. पण दंतवैद्याची सही असेल तर ते मान्य करतं. रेघांपेक्षा सहीवर विश्वास ठेवायचा, असं कायदा करणाऱ्यांनी ठरवलं होतं. आमच्यासारख्या शिकल्यासवरल्या लोकांवर.

त्याच संध्याकाळी, बारा तारखेला, मी दादाच्या घरी गेले. गच्चीवर दोघंच बसलो. मी फार वेळ न लावता सांगितलं.

दादा आधी चिडला. "कोण म्हणतंय? ते डबडं? त्याला काय कळतंय गं?"

"दादा, तारखा मी वाचल्यात. भाऊबीजसुद्धा आहे त्यात."

मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मला कळत न्हाई मला काय होतंय," तो म्हणाला. "एकदम डोकं फिरतं. नंतर रात्रभर झोप येत न्हाई बघ. त्रिशला, मी बाबांसारखा न्हाई गं. तुला माहीत हाय ना, मी तसा न्हाई?"

"मग बंद कर. सांगलीला एक चांगल्या डॉक्टरीण आहेत, त्यांच्याकडं जाऊ. मी येते सोबत."

"करतो. जिनेंद्राची शपथ. पुन्हा हात उचलला तर तू सांगशील ते."

तो रडत होता. मीही रडले. मला अगदी हलकं वाटलं. खाली येऊन मी पोटभर जेवले. चार्वी माझ्या शेजारी बसली होती आणि दादानं तिच्या ताटात स्वतःच्या हातानं तूप वाढलं. मला वाटलं, बघा, किती सोपं होतं.

निघताना वहिनी फाटकापर्यंत आल्या. मगदुमांच्या घरात येऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, पण माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या. "ताई," त्या हळूच म्हणाल्या, "काय बोलायचं ते एकदाच बोला आणि पुरं करा. असं अर्धं बोलून जाऊ नका."

मला राग आला. नवऱ्याची बाजू घेतायत, असं वाटलं. मी गाडी सुरू केली.

त्यानंतर महिनाभर मी चार्वीला पाहिलं नाही. फोन केला की दादा सांगायचा, शाळेत आहे, क्लासला आहे, झोपली आहे. सांगलीच्या डॉक्टरणीकडं जायचा विषय काढला की दुकानात गर्दी असायची. मी फार खोलात शिरले नाही. आता वाटतं, मला शिरायचंच नव्हतं. शपथ घेतली म्हणजे झालं, असं मी धरून चालले होते.

चौदा मार्चला फेरतपासणीची तारीख होती. दादा म्हणाला, "सही कर की तूच. दर वर्षी करतीसच." पण फेरतपासणीत यंत्र सही घेत नाही, त्याला दातच लागतात. मी तसं सांगितल्यावर त्यानं फोन ठेवला. दुपारी दोन वाजता, दवाखाना बंद असताना, वहिनी चार्वीला घेऊन आल्या. पुढच्या दारानं. त्यांच्या हातात एक पिशवी होती, कपडे भरलेली.

"तपासा," त्या म्हणाल्या.

चार्वी खुर्चीत बसली. मी "आ कर" म्हणायच्या आतच तिनं तोंड उघडलं. नवी रेघ उमटायला दोनेक आठवडे जातात, त्यामुळं पडद्यावर मागच्या महिन्यातलं सगळं आता दिसणार होतं. जुन्या नऊ रेघा आल्या. त्यांच्यानंतर दहावी आली. आधीच्या सगळ्यांपेक्षा काळी.

बारा फेब्रुवारी.

मी तारीख दोनदा वाचली. वहिनींकडं बघितलं.

"तुमची गाडी वळणावर गेली की फाटक लावलं त्यांनी," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी सपाट होता. "आत्याला काय सांगितलंस, म्हणून विचारत होते. ती काय सांगणार? तिनं काहीच सांगितलं नव्हतं. शेवटी मीच आडवी पडले." त्यांनी पदर खांद्यावरून जरा बाजूला केला आणि पुन्हा सारखा केला.

नऊ रेघांना मी कारणं शोधत बसले होते. दहावीचं कारण मी स्वतः होते. मी गेले, मी बोलले, मी जेवले, आणि त्या पोरीला त्याच्या हाती सोडून निघून आले.

"वहिनी, तुम्ही का नाही कळवलंत?" असं माझ्या तोंडून निघून गेलं. असा निर्लज्ज प्रश्न मी दुसरा कुठला विचारला असेन असं वाटत नाही.

"कळवायचं काम कुणाचं होतं, ताई?"

मी अर्ज उघडला. नाव, वय, पत्ता, रेघांच्या तारखा, सगळं यंत्रानंच भरलं. एकच ओळ मला भरायची होती: 'ही बाब आपल्याला प्रथम कधी समजली?' आजची तारीख घातली असती तर कुणाला कळलं नसतं असं नाही, पण वाद घालता आला असता. यंत्राची चूक, नव्या मुलीची चूक, विषमज्वर. मी अकरा फेब्रुवारी लिहिलं. त्याचा अर्थ मला माहीत होता. खोटं कारण लिहिल्याबद्दल परवाना जातो आणि वर खटला चालतो, हे मीच तीन वर्षं लोकांना शिकवत होते.

तेवढ्यात फोन वाजला. दादाचा होता. वहिनी घरात नाहीत हे त्याच्या लक्षात आलं असणार.

"पोरगी तुझ्याकडं हाय ना?"

"आहे."

"त्रिशला, काय करू नको. मी येतोय. बोलू आपण."

"बोलून झालं, दादा."

मग जे आम्ही तीस वर्षं बोललो नव्हतो ते तो बोलला. "तुझ्या वाटचा मार खाल्ला मी. चष्मा तू फोडला होतास. एकदा तरी तुझं नाव घेतलं काय मी? सांग, घेतलं काय?"

"नाही घेतलंस."

"मग?"

त्याक्षणी तो मला बेचाळीस वर्षांचा दिसतच नव्हता. बाबांच्या समोर उभा राहिलेला, हाफ पँटमधला दादा दिसत होता. त्या मुलाबद्दल कुणी कळवलं नव्हतं. गावातल्या डॉक्टरांना, शिक्षकांना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे बाबांना नमस्कार करत होते.

"दादा, तेव्हा मी लहान होते, म्हणून गप्प बसले," मी म्हणाले. "आता लहान ती आहे." आणि फोन ठेवून अर्ज पाठवून दिला.

बालसंरक्षण कक्षाच्या अधिकारी अंजुम मुल्ला चाळीस मिनिटांत आल्या, सोबत महिला पोलीस होती. त्यांनी चार्वीशी आधी तिच्या शाळेबद्दल गप्पा मारल्या, मग वहिनींचा जबाब घेतला, मग माझा. माझा जबाब लिहून घेताना त्यांचं पेन थांबलं. दोन वर्षांपूर्वी त्या माझ्या भाषणाला पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी तारीख पुन्हा एकदा वाचून दाखवली आणि मी मान हलवली.

दादा काही आला नाही, त्याला त्यांनी दुकानातूनच ताब्यात घेतलं. चार्वी आणि वहिनी त्या दिवशी कोल्हापूरच्या आधारगृहात जाणार होत्या, तिथून पुढं वहिनींच्या माहेरी, चिकोडीला. मी सोबत येते म्हणाले. अंजुमताई म्हणाल्या, "तुम्हाला येता येणार नाही, डॉक्टर. तुम्ही आता या प्रकरणात आहात."

गाडी येईपर्यंत चार्वी बाहेरच्या बाकावर बसली होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिनं मला जागा करून दिली, पण अंगाला अंग लागू दिलं नाही.

"आत्या," ती म्हणाली, "त्या मॅडमनी वाचलं ते काय होतं? अकरा फेब्रुवारी?"

"मला त्या दिवशी कळलं, बाळा."

"त्या नव्या ताईनं मला खुर्चीत बसवलं, त्या दिवशी?"

"हो."

"मग बाराला तू आलीस, तेव्हा तुला माहीत होतं?"

"होतं."

मग दोन्ही हात पुढं धरून तिनं बोटं मोजायला सुरुवात केली. ओठ हलत होते. मध्येच चुकली तर पुन्हा पहिल्यापासून लागली. दहा बोटं तीनदा मोजून झाली आणि वर एक बोट उरलं. ते तिनं उभं धरलं आणि माझ्याकडं बघितलं.

"एकतीस दिवस," ती म्हणाली. "बरोबर हाय काय?"

बरोबर होतं. मी हो म्हणाले.